लाल ठिपक्यावरची हाक

३ ऑगस्ट

प्रिय मामा,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतोस, म्हणून हे पत्र. मागच्या फोननंतर तू सगळ्या नातेवाइकांना माझं लग्न ठरल्याचं कळवलंस. ठरला होता तो फक्त बैठकीच्या खोलीचा रंग. अजून लोक अभिनंदन करतात आणि मुलगा काय करतो म्हणून विचारतात.

बातमी अशी, की बाबांचा रेडिओचा सेट मी माझ्याकडे आणला. बाबा गेल्यानंतर तेराव्या महिन्यात का होईना, आईने त्याच्यावरची चादर काढू दिली. मला वाटलं होतं रडेल, नको म्हणेल. ती फक्त म्हणाली, "ने. जपून ने, डाव्या बाजूचं बटण सैल आहे." तिला बटणाचं कसं माहीत, कोण जाणे. गच्चीवरची त्याची तार मात्र काढू दिली नाही. म्हणे कपडे वाळत घालायला होते. मामा, त्या तारेवर एक रुमालही कधी वाळलेला मी पाहिलेला नाही.

आई कशी आहे हे तू विचारणारच. जेवते, पण पानात काय आहे ते न बघता. विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. मी तिला माझ्याकडे आणायचं ठरवलंय. ऑक्टोबरअखेर त्या दोन खोल्या सोडतो असं घरमालकाला सांगून टाकलं. आई त्यालाही 'बरं' म्हणाली. तिच्या त्या 'बरं'ची मला भीती वाटते.

आता मुद्दा. मला हे शिकायचंय. दिवसभर चष्म्याच्या काचा घासून घरी येते तेव्हा घर नुसतं आ वासून बसलेलं असतं. सेट लावला, दिवा पेटला, घरघर ऐकू आली आणि पहिल्यांदा बरं वाटलं. तू जहाजावर जन्मभर हेच केलंस. सांग, सुरुवात कुठून करू?

तुझी टिटवी

•

१२ ऑगस्ट

टिटवे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा मामा म्हणून आणि एकदा रेडिओ ऑफिसर म्हणून. मामा खूश आहे. ऑफिसरला शंका आहे, कारण तू लहानपणापासून एका जागी बसलेली मला आठवत नाहीस.

पहिला धडा: गप्प बस आणि ऐक. थट्टा नाही करत. लायसन्सची परीक्षा होऊन तुझं स्वतःचं कॉलसाईन, म्हणजे हवेतलं नाव, हातात पडेपर्यंत हवेत एक चकार शब्द पाठवायचा नाही. ऐकायला कुणाची परवानगी लागत नाही. गॅलरीपासून जमेल तितकी लांब तार ताण, सेटला जोड आणि मोठं बटण सावकाश फिरव. इतकं सावकाश, की फिरवतेयस हे बटणालाही कळू नये.

मोर्स कागदावरून शिकू नकोस. टिंब आणि रेघ मोजत बसलीस तर जन्मभर मोजतच राहशील. टिंबाचा डिट आणि रेघेचा डा कानाने ऐक, गाण्याची चाल ऐकतो तसं. पुढे पुढे तुला माणसं ओळखू येतील. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. दाजींचा हात मी हजारांत ओळखला असता. लिफ्टच्या दारात सापडून त्यांचं बोट ताठ झालं, ते तुला ठाऊकच आहे. त्यामुळे त्यांची शेवटची रेघ लांबायची. त्यांनी दुरुस्त केलेली लिफ्ट मजल्याशी आली की टेकायच्या आधी जरा रेंगाळावी, अगदी तशी.

दोन रीती सांगतो, त्या कुठल्या पुस्तकात नीट दिलेल्या नसतात. एक, बोलणं संपलं की निरोपाला दोन डिट पाठवायचे. एक, दोन, बस. दाजींचा दुसरा डिट उशिरा यायचा, दारात जाऊन काहीतरी विसरल्याचं आठवावं तसा. दुसरी, समोरच्याचं बोलणं संपलं की लगेच आपलं घोडं दामटायचं नाही. थोडी जागा सोडायची. कुणीतरी लांबचा, क्षीण आवाजाचा माणूस मध्ये यायला थांबलेला असतो. जागा सोडली नाही तर तो कधीच ऐकू येत नाही.

बटणाच्या तबकडीवर लाल ठिपका दिसेल. तो तुझ्या आईच्या नेलपॉलिशचा आहे. दाजींना चष्म्याशिवाय आकडे दिसायचे नाहीत म्हणून तिने लावून दिला. आम्ही दोघे रोज दुपारी तिथे भेटायचो. दाजी गेले आणि त्याच पावसाळ्यात वादळाने माझी तार पाडली. ती गुंडाळून खाटेखाली ठेवली आहे. घरमालक गच्चीवर चढू देत नाही हे खरं, पण मीही फार भांडलो नाही. कुणासाठी चढायचं?

ताईला माझा नमस्कार सांग. तिचं 'बरं' मला लहानपणापासून माहीत आहे. त्याचा अर्थ 'बघू' असा असतो.

मामा

•

६ सप्टेंबर

प्रिय मामा,

तार ताणली. गॅलरीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत. शेजारच्या काकूंनी विचारलं, कशाची तार? मी म्हटलं, कपड्यांची. आईचाच धडा गिरवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यावर सतरंजी टाकली.

तरीही ऐकू येतं. काय काय ऐकू येतं! एक गृहस्थ आपल्या गुडघेदुखीचं इतकं साग्रसंगीत वर्णन करतात की मला जिना चढताना त्यांची आठवण येते. दोन म्हातारे रोज एकमेकांचे आवाज कसे येतात एवढंच सांगतात आणि तृप्त होऊन जातात. मोर्सची अर्धी अक्षरं कानात बसलीत. दुकानात काच घासताना यंत्र खरखरलं तरी मी अक्षर शोधते.

आता जे लिहिते ते वाचून हसू नकोस.

सोमवारी आमचं दुकान बंद असतं. दुपारी जेवून सेटशी बसले. लाल ठिपक्यावर रोज नुसती घरघर असते. मी तिथे मुद्दाम जाते, कोणी नसलेल्या खोलीत डोकावतो तसं. त्या दिवशी तिथे मोर्स होतं. सावकाश, स्पष्ट. मी पेन्सिलही उचलली नाही, कारण ती चाल मला अक्षरं शिकायच्या आधीपासून पाठ आहे. लहानपणी दुपारी झोपवायचे तेव्हा भिंतीपलीकडून तीच ऐकू यायची. मामा, ते बाबांचं कॉलसाईन होतं.

आणि शेवटची रेघ लांबली.

दोनदा आलं. मग शांतता. मग पुन्हा दोनदा. मग काही नाही. आवाजाचा काटा पार उजवीकडे जाऊन टेकला होता, इतका कधीच जात नाही. नंतर सबंध दुपार मी घरातले सगळे दिवे लावून बसले, बाहेर लख्ख ऊन असताना.

हे काय असेल?

टिटवी

•

१३ सप्टेंबर

टिटवे,

हसलो नाही. पण घाबरलोही नाही, आणि तूही घाबरू नकोस.

शिकाऊ कान फार उतावळे असतात. जहाजावर माझ्या पहिल्या वर्षी मला नुसत्या खरखरीत कुणीतरी माझं नाव घेतंय असं वाटायचं. कप्तानाला सांगितलं तर त्याने मला दोन दिवस झोपायला लावलं. तुला ज्याची आठवण येते तेच तुझा कान जोडून देतो. कोणाचं तरी मिळतंजुळतं कॉलसाईन असेल. रेघ लांबणारे लोकही पुष्कळ आहेत, सगळ्यांची बोटं काही चांगली नसतात.

तरी पुढच्या सोमवारी एक बघ. हाक मारायची पद्धत अशी, की आधी ज्याला बोलवायचं त्याचं कॉलसाईन, मग 'कडून', मग आपलं स्वतःचं. ही व्यक्ती स्वतःचं काय देते ते ऐक. नाव कळलं की भूत पळतं.

जेवण वेळेवर घे. ताईकडे जाऊन ये.

मामा

•

२५ सप्टेंबर

प्रिय मामा,

भूत पळालं नाही.

गेल्या सोमवारी पुन्हा तीच वेळ, तोच ठिपका. तू सांगितलंस ते मी नीट ऐकलं. बाबांचं कॉलसाईन दोनदा. 'कडून' नाही. पुढे कुणाचंच काही नाही. मग थांबणं. ते थांबणंसुद्धा ऐकू येत होतं, मामा. कुणीतरी कान लावून बसलंय असं थांबणं. मग पुन्हा तेच. हात बाबांचा, आणि बोलावणंही बाबांनाच. म्हणजे बाबा स्वतःलाच हाक मारतायत? हरवलेला माणूस आपलंच नाव घेत फिरतोय, असं मनात आलं आणि मी रडले. ते गेल्यावर इतकी रडले नव्हते. तेव्हा सगळ्यांना चहा द्यायचा होता.

आईकडे गेले होते. तिला यातलं काही सांगितलं नाही. तिची तब्येत आधीच तोळामासा, त्यात हे कुठे घालू? सामान बांधायला खोकी नेली होती, ती तिने तशीच पलंगामागे सारली. सहज विचारावं तसं तिने दोन प्रश्न विचारले, तार कुठे बांधलीस आणि दुपारी घरी असतेस का. मी म्हटलं सोमवारी असते. "बरं," म्हणाली.

आता खरं सांगते. काल सोमवार होता. हाक आली. थांबणं आलं. बाबांची मोर्सची की समोरच होती, मी ती पुसून ठेवते. माझ्याच्याने राहवलं नाही. मी दोन डिट दाबले. पूर्ण उत्तर द्यायची हिंमत नव्हती, द्यायला कॉलसाईनही नव्हतं. फक्त दोन डिट, म्हणजे त्यांना कळावं की कोणीतरी आहे, आता दमू नका, जा.

दाबले मात्र, आणि मला अशी धडकी भरली की सेटची वायरच भिंतीतून उपटली. पुढे काय आलं, आलं की नाही, माहीत नाही. रागाव हवं तर. पण खरं सांग, मी वेडी होतेय का?

टिटवी

•

२ ऑक्टोबर

टिटवे,

आधी रागावतो, मग बाकीचं. लायसन्स नसताना की दाबलीस. पुन्हा असं केलंस तर परीक्षेचा फॉर्म मी स्वतः येऊन फाडीन.

आता ऐक. तू वेडी होत नाहीयेस. वेडा मी. तू त्या हाकेबद्दलच्या पहिल्याच पत्रात काटा पार उजवीकडे गेल्याचं लिहिलं होतंस आणि मी ते वाचून पुढे गेलो. चाळीस वर्षं काटा बघून पोट भरलं, आणि भाचीचं पत्र वाचताना अक्कल गहाण ठेवली. टाकीला बांधलेल्या, सतरंजी घातलेल्या तुझ्या तारेवर काटा असा टेकतो तो एकाच कारणाने. पाठवणारा जवळ आहे. तुझ्याच गावात. फार तर नदीपलीकडे.

दाजींचा मोठा सेट तू आणलास. छोटा आणलास का? बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी एक बसवला होता, टेकडीवर न्यायला. बॅटरीवर चालतो आणि एकाच जागी बोलतो. ती जागा म्हणजे लाल ठिपका. तुझ्या पत्रांत तो डबा कुठेच नाही. आणि गच्चीवरची तार काढू दिली नाही ती कोणी?

तू विचारशील, मग हात दाजींचा कसा? टिटवे, तू आईच्या मांडीवर बोलायला शिकलीस ती आईच्याच हेलात. स्वयंपाकघर आणि दाजींची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. तिने तीस वर्षं पोळ्या लाटत एकाच माणसाचं मोर्स ऐकलं. तिला दुसऱ्या कुणाची रेघ माहीतच नाही. तिचं बोट धडधाकट असेल, पण रेघ लांबणारच.

मला हे कधी सुचलं नाही याचं वाईट वाटतं. आम्ही रोज दुपारी गप्पा मारायचो. तिच्याबद्दलही बोलायचो, तिला कळत नाही असं समजून. एकदा मी तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती. पुढच्या खेपेला आलो तेव्हा तिने मला शिळं वाढलं. मला वाटलं योगायोग.

पण आता खरी काळजी वेगळी आहे. तू उत्तर दिलंस. ती वर्षभर हाक मारत असेल आणि तिला पहिल्यांदा उत्तर आलं, तेही निरोपाचे दोन डिट. तिने ते कुणाचं समजलं असेल? हे तसंच राहू देऊ नकोस. जा, आणि सांग.

मामा

•

११ ऑक्टोबर

प्रिय मामा,

गेले होते. अजून सांगितलेलं नाही.

दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि तिच्या वेळेला, न कळवता, माझ्या किल्लीने दार उघडून स्वयंपाकघरात उभी राहिले. भिंतीला कान लावायचीही गरज पडली नाही. की दाबल्याचा टकटक आवाज स्पष्ट येत होता. मी नुसती उभी होते, हातात चपला घेऊन. आईने इथे उभं राहून तीस वर्षं काय काय ऐकलं असेल, ते पहिल्यांदा कळलं.

दाराच्या फटीतून पाहिलं. बाबांचं टेबल, त्यावर तो पत्र्याचा डबा, कानावर हेडफोन. केस नीट विंचरलेले, बाहेर जाताना घालते ते कपडे. हाक मारून झाली की ती मान खाली घालून थांबायची. किती थांबायची! मला आत जाऊन तिला धरावंसं वाटलं. पण त्या खोलीत त्या वेळी मी परकी होते. तशीच उलटी फिरले, जिना उतरले आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येऊन बेल वाजवली.

दार उघडलं ती आई वेगळीच. मामा, ती हसली. चहाला आलं किसून घातलं. सैल झालेली खिडकीची कडी तिने माणूस बोलावून बसवून घेतलीय. आणि मी खोक्यांचा विषय काढला तर म्हणाली, "मी कुठे येत नाही. घरमालकाशी माझं बोलणं झालंय." इतक्या महिन्यांत तिने ठामपणे बोललेलं हे पहिलं वाक्य.

दोन डिटांवर ही बाई उभी राहिलीय. ते मी काढून घेऊ? कोणत्या तोंडाने सांगू, की आई, ते बाबा नव्हते, मी होते? आणि नाही सांगितलं तर दर सोमवारी मी त्या खुर्चीत बसून बाबा व्हायचं का? या सोमवारी हाक आली तेव्हा मी हात पाठीमागे बांधून बसले. ती थांबली. पुन्हा हाक आली. मी उत्तर दिलं नाही. मग तिने सेट बंद केला असणार, कारण शांतता एकदम कोरडी झाली.

मी तिला सांगणार आहे. या आठवड्यात नक्की. माझ्यासाठी एवढं कर, मनातल्या मनात धीर दे.

टिटवी

•

१६ ऑक्टोबर

बाळ,

समोर बसून बोलायला गेले तर तू रडशील आणि मग मला तुलाच समजवावं लागेल, म्हणून लिहिते. लिहायची सवय नाही. चुकलंमाकलं समजून घे.

परवा तू तीनदा तोंड उघडलंस आणि तीनदा मिटलंस. शेवटी बटाट्याच्या भावावर बोलून घरी गेलीस. लहानपणी काही फोडलंस की असंच करायचीस. मला कळलं. त्या आधीही एकदा तू स्वयंपाकघरात चपला हातात घेऊन उभी होतीस, तेही कळलं. आपल्या घरातली तिसरी फरशी वाजते.

ते दोन डिट तुझे होते. मला त्याच क्षणी समजलं. दार ठोठावल्यासारखे ठक ठक. तुझ्या वडिलांनी जन्मात इतकी घाई केली नाही. मी वेडी नाही, बाळ. गेलेला माणूस उत्तर देत नाही एवढं मला कळतं. त्यांना आंघोळ मी घातली होती.

मग हाक का मारत होते? सांगते. ते गेल्यावर या घरात त्यांचं नाव निघेनासं झालं. तू येतेस ती जपून बोलतेस. लोक येतात ते 'ते' म्हणतात. आणि मी? मी सबंध आयुष्य त्यांना 'अहो' म्हटलं. नावाने हाक मारायची कधी जीभच झाली नाही. भिंतीपलीकडून रोज त्यांचं कॉलसाईन ऐकू यायचं, तेव्हा वाटायचं, हे एक नाव मला घेता येईल. पण ते असताना लाज वाटली. गेल्यावर डबा उघडला. रोज दुपारी दोनदा नाव घ्यायचं, थोडं थांबायचं, पुन्हा घ्यायचं. एवढंच. कुणाचं काही घेत नव्हते.

सेट तुला दिला तेव्हा मनात होतं, की तू कधीतरी त्या ठिपक्यावर येशील. तू आलीस. मला बरं वाटलं ते त्याचं. मी नाव घेतलं आणि माझ्या लेकीने ते ऐकलं. म्हणून जेवले, म्हणून खिडकी दुरुस्त केली. तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. घर मी सोडत नाही ते या तारेसाठी. तुझ्या गॅलरीत सतरंज्या वाळतात.

आता एकच गोष्ट. लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं.

त्या सोमवारी तुझे दोन डिट आले आणि मागोमाग खट्ट झालं, तू वायर उपटलीस वाटतं. मी हेडफोन काढला नाही. मला जरा थांबायची सवय आहे. घरघर चालू होती. आणि त्या घरघरीच्या खालून, फार लांबून, एक डिट आला. वाटलं, मला भास झाला.

मग दुसरा आला. उशिरा.

तुझ्या मामाने पाठवला असेल तर त्याला रागावू नकोस. पण विचार.

आई

•

१७ ऑक्टोबर

मामा,

आईचं पत्र सोबत जोडलंय. वाच. मी वाचून नदी ओलांडून तिच्याकडे गेले. मी बाबांचं नाव घेतलं, मोठ्याने. तीही घेणार होती. ओठ हलवले आणि लाजली.

त्या सोमवारी तू होतास ना लाल ठिपक्यावर? बाबांची नक्कल तू बेमालूम करायचास, मी ऐकलीय. तूच असशील तर मला राग येणार नाही. उलट फार बरं वाटेल. 'हो' एवढं एकच अक्षर लिहिलंस तरी चालेल.

टिटवी

•

२४ ऑक्टोबर

टिटवे,

'हो' लिहायला तीनदा पेन उचललं. दोन बायकांची झोप त्या एका अक्षरावर अडलीय हे मला दिसतंय. पण या कामात खोटं कॉलसाईन लावायचं नसतं.

मी नव्हतो. माझी तार अजून खाटेखाली गुंडाळलेली आहे. तुझं पत्र आल्यावर वाकून पाहिलं. दोरीची गाठ मीच मारली होती तशीच आहे, वर बोटभर धूळ. सेटची वायरही लावलेली नाही. त्या ठिपक्यावर आम्हा दोघांखेरीज कधी कुणी येत नव्हतं. आणि निरोपाला असा उशीर करणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला.

दुसरा कोणी असेल. लांबचा, कुणीतरी अनोळखी, बटण फिरवता फिरवता तुझे डिट ऐकून रीत म्हणून उत्तर दिलं असेल. मी ऑफिसर म्हणून हेच म्हणेन. मामा म्हणून काय म्हणेन ते मला माहीत नाही. काल दुपारी मी घरमालकाशी भांडलो आणि गच्चीची किल्ली घेऊन आलो. उद्या तार चढवतो. गाठ अजून पक्की बसते.

तुम्ही दोघींनी परीक्षेला एकत्र बसायचं, हा माझा हुकूम. ताई पहिली येईल, तू वाईट वाटून घेऊ नकोस. पास झालात की दर सोमवारी तिने तिकडून, तू इकडून आणि मी इथून, तिघांनी लाल ठिपक्यावर यायचं. खुशाल भांडा. माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल बोला, मला ऐकू येईल.

फक्त एक सांभाळा. निरोपाचे दोन डिट दिले की लगेच सेट बंद करू नका. पहिला धडा तोच होता, गप्प बसा आणि ऐका. थोडी जागा सोडा.

मामा